किनफारोची वाफ

१२ जानेवारी

पुन्हा बारा टक्के.

संगणकावरचं माझं मॉडेल म्हणतं, एवढ्या स्पिरिटला एवढी वाफ पुरे. खरी डिस्टिलरी त्याहून बारा टक्के जास्त वाफ खाते. नाताळच्या आधीपासून हेच चाललंय. स्पिरिट वेगळं करणाऱ्या उंच कॉलममधल्या ताटल्या झिजल्या असतील म्हणून त्यांची कार्यक्षमता कमी करून पाहिली. बाहेरच्या आवरणातून उष्णता निसटत असेल म्हणून वर चढून दोन्ही कॉलमना स्वतः हात लावून आले. वॉश, म्हणजे आंबवलेला गव्हाचा पातळ रस, किती तापून आत येतो तेही पुन्हा मोजलं. एवढं करून फरक पडला अर्ध्या टक्क्याचा.

जुनी डिस्टिलरी मॉडेलमध्ये खरी उतरल्याशिवाय नव्या रचनेबद्दल मी जे बोलेन त्याला काही अर्थ नाही. एडिनबरोच्या मुख्य कचेरीने एक तृतीयांश वाफ वाचवायला सांगितलंय. नाही वाचली तर काय, ते सांगितलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत फिनले समोर येऊन बसला. माझा थोरला भाऊ, आणि सत्तावीस वर्षं याच कॉलमवर आहे.

"इश, तुझ्या त्या डब्यातल्या डिस्टिलरीत दारू किती निघते गं? पेलाभर तरी?"

"ती तुझ्या डिस्टिलरीपेक्षा कमी वाफ खाते."

"खाणारच. सोमवारी सकाळी सात वाजता थंडीत चालू कर म्हणावं तिला."

सगळे हसले. मीही हसले, पण मसुराच्या सूपची चव लागली नाही.

१६ जानेवारी

आज मॉडेल बारा टक्क्यांपर्यंतही पोचलं नाही, मध्येच कोसळलं. कारण ते फ्युजेल तेल. पाण्याबरोबर खाली जायला हलकं, अल्कोहोलबरोबर वर जायला जड, त्यामुळे कॉलमच्या मध्यावर साचत राहतं. खऱ्या कॉलममधून आम्ही ते मधल्या ताटलीवरून काढून घेतो. मी मॉडेलमध्ये ती तोटी एक ताटली वर लावली होती. तेवढ्यावर तीन दिवस गेले. कुणाला सांगायचीही सोय नाही.

२ फेब्रुवारी

काहीतरी सापडल्यासारखं वाटतंय. सापडलं असं अजून म्हणवत नाही.

कॉलमच्या तळातून जे पाणी निघून जातं त्यात अल्कोहोल राहता कामा नये. आमची प्रयोगशाळा रोज ते तपासते आणि रोज लिहिते: नाही. मी मॉडेलमध्ये "नाही" म्हणजे परवानगीच्या सीमेवर, जेमतेम नाही, असं धरलं होतं. आज आंघोळ करताना वाटलं, नाही म्हणजे किती नाही? आमच्या उपकरणाला एका मर्यादेखालचं काही दिसतच नाही. सीमेवर असलं तरी "नाही", सीमेच्या दहापट खाली असलं तरी "नाही". आणि तितकं खाली नेण्यासाठी वाफ मात्र लागतेच.

तळाच्या पाण्याच्या बाटल्या भरून विद्यापीठातल्या ओळखीच्या बाईंकडे पाठवल्या. त्यांचं यंत्र आमच्यापेक्षा पुष्कळ बारीक मोजतं.

९ फेब्रुवारी

बरोबर होतं माझं. तळाचं पाणी गरजेपेक्षा कितीतरी पट स्वच्छ आहे. चारही पाळ्यांवर सगळे जण वाफ जास्त सोडतात, आणि गेली कित्येक वर्षं सोडतायत. ताटल्यांचा दोष नाही, आवरणाचा नाही. हाताचा आहे.

हे फिनलेला नीट सांगायला हवं होतं. मी धावत जाऊन कंट्रोल रूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. तिथे फिनलेच्याच पाळीवरची ग्रीर होती, दुसऱ्या पाळीचे दोघं होते.

"म्हणजे आम्ही वाफ चोरतो म्हणतेस?"

"चोरता नाही, वाया घालवता. इतकी लागतच नाही, फिनले. हे आकडे बघ."

"बर्नी स्कोबीला काढला तेव्हा तू कॉलेजात होतीस. एका रात्री तळातून दारू वाहून गेली. सकाळी त्याला गेटवरून परत पाठवला, डबासुद्धा आत राहिला त्याचा. जास्त वाफ सोडली म्हणून आजपर्यंत एकाला तरी काढलेला ऐकलायस?"

"पण ते तेव्हाचे साहेब. आता—"

"आता तू आहेस," फिनले म्हणाला आणि पडद्याकडे वळला.

ग्रीर माझ्यामागून बाहेर आली. "इशबेल, तुझं बरोबर असेल. पण मलाही तळाचं तापमान जरा उतरलं की राहवत नाही, हात वाफेकडे जातो. या सीटवर बसलं की जातोच." तिला घरी एक लहान मूल आहे. तिचा नवरा आमच्याच गोदामात पिपं हलवतो.

शोध लावल्याचा आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन भांडी आपटली.

२० फेब्रुवारी

जुळलं. एका टक्क्याच्या आत. वरची स्पिरिटची ताकद, मधलं तेल, तळाचं पाणी, वाफ, सगळं. पडद्यावर आकडे स्थिर झाले तेव्हा मी एकटीच होते. फिनलेला निरोप पाठवला. उत्तर आलं: "छान. आज रात्री जेवायला ये, मॉयराने बटाटे आणि खिमा केलाय."

गेले. मॉयरा वहिनीने आग्रहाने वाढलं; वाफेचा विषय फिनलेनेही काढला नाही, मीही नाही.

६ मार्च

खरं काम आता सुरू झालंय, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटतंय की मी काहीतरी सुंदर करतेय.

कॉलमच्या माथ्यावरून जी गरम वाफ निघते ती आम्ही थंड पाण्याने निववतो. सगळी उष्णता फॅरो नदीला दान. माझ्या रचनेत ती वाफ विजेच्या कॉम्प्रेसरने दाबायची, म्हणजे ती आणखी तापते, आणि तिनेच कॉलमचा तळ उकळायचा. तीच उष्णता पुन्हा पुन्हा फिरत राहते. बॉयलर जवळजवळ झोपूनच राहील. पहिला कॉलम हवेच्या कमी दाबाखाली चालवायचा, म्हणजे वॉश कमी तापमानालाच उकळतो आणि तळाशी करपत नाही. स्पिरिटची ताकद कायद्याच्या मर्यादेखाली राहते, त्यामुळे त्याची चव आणि व्हिस्की हे नाव दोन्ही शाबूत. एक तृतीयांश वाचवा म्हणाले होते. मॉडेल म्हणतं, निम्म्याहून जास्त वाचेल.

डॅलग्लिशना दाखवलं. ते इथले व्यवस्थापक, निवृत्तीला आलेले, सभ्य गृहस्थ. बराच वेळ आकृतीकडे बघत राहिले.

"त्या कॉम्प्रेसरशिवाय नाही का जमणार, इशबेल?"

"त्याच्याशिवाय काय राहिलं यात? सगळी बचत त्याचीच आहे."

"तसं नव्हे. थोडा लहान घेतला तर? आपल्या गावात येणारी वीज म्हणजे..."

"वीज कंपनीचं ते बघतील. रचना तरी मोठी करू या ना!"

ते चष्मा पुसत बसले. या पिढीला मोठ्या यंत्राची भीती वाटते, दुसरं काय.

१९ मार्च

मुख्य कचेरीतून वेरिटीचा फोन. माझं मॉडेल तीच बघते. हुशार आहे, पण किनफारोला एकदाच आली होती, तेही नको ते बूट घालून.

"इशबेल, एक करशील? थंड पाणी वर्षभर अकरा अंशांवर धरून बघशील?"

"अकरा? ऑगस्टमध्ये आमची नदी अठराला जाते."

"हो, पण धरून बघ. आणि गहू ट्रकऐवजी जहाजाने आला तर साठा किती लागेल तेही."

जहाजाने! किनफारोच्या बंदरात खेकड्यांच्या चार होड्या लागतात. मी नदीचं तापमान दुरुस्त करून, गहू ट्रकनेच आणून, तक्ता परत पाठवला. सोबत फॅरोच्या पाण्याच्या दहा वर्षांच्या नोंदी जोडल्या. शिकू दे जरा.

२ एप्रिल

वेरिटीने तोच तक्ता परत पाठवला. अकरा अंश, जहाज. खाली लिहिलंय, "कृपा करून दिलेल्या आकड्यांवरच चालव." वर आता उत्पादन दुप्पट धरायला सांगितलंय आणि एका पाळीत किती माणसं लागतील तेही विचारलंय.

चालवलं. निकाल अर्थातच फार देखणे आले. थंड पाणी फुकट धरलं, वीज हवी तेवढी धरली, तर कुणाचेही येतील. एका पाळीला एक माणूस पुरेल असं लिहिलं, कारण मॉडेल तसं म्हणतं. चिडून डॅलग्लिशना म्हटलं, "या लोकांना आपली नदी कुठून कुठे वाहते तेही ठाऊक नाही."

ते म्हणाले, "ठाऊक असेल त्यांना." मग म्हणाले, "चल, चहा घेऊ या."

२३ एप्रिल

एडिनबरोला सगळ्या संचालकांसमोर मांडणी. अर्धा तास बोलले. प्रश्न विचारले गेले ते चांगले होते, वरवरचे नव्हते. शेवटी टाळ्या. वेरिटीने दारात हात हातात धरून ठेवला. "इतकं नेमकं काम आम्ही पाहिलं नव्हतं."

परतताना फोर्थ नदीच्या पुलावरून गाडी जात होती. डॅलग्लिशनी माझ्यासाठी मटणाचा खिमा भरलेली पेस्ट्री आणली होती, कागदात गुंडाळून.

"फार चांगलं काम केलंस. फारच चांगलं."

असं म्हणाले की जणू कुणी वारलंय. त्यांना आनंद का होत नाही? स्वतःच्या कारकिर्दीत असलं काही जमलं नाही म्हणून? असं लिहायला नको, पण मला तसंच वाटलं. पेस्ट्री मात्र सगळी खाल्ली.

१४ मे

सकाळी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. वेरिटीबरोबर आणखी दोघं होते. डॅलग्लिश उभे राहिले ते भिंतीला टेकून.

पश्चिम किनाऱ्यावर ड्रमकार्नला नवी डिस्टिलरी बांधणार. समुद्राचं थंड पाणी, स्वतःचा धक्का, शेजारी पवनचक्क्या. किनफारोचे कॉलम सप्टेंबरअखेर बंद. गोदामं काही काळ राहतील.

मग वेरिटीने पडद्यावर चित्र लावलं, आणि ते माझं होतं. माझे कॉलम, माझा कॉम्प्रेसर, कोपऱ्यात माझं नाव. चांगुलपणानेच ठेवलं असेल तिने.

कुणीतरी मागून विचारलं, "माणसं किती लागतील तिथे?"

"कॉलमवर चार. इथल्यांनाच आधी संधी देऊ."

इथे बावीस आहेत. फिनलेने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणीतरी ओळखीचं वाटावं पण नाव आठवू नये, तसं.

१५ मे

डॅलग्लिशच्या खोलीत शिरले ती दार न वाजवता.

"तुम्हाला माहीत होतं."

"फेब्रुवारीपासून. कुणालाही सांगणार नाही अशी सही घेतली होती माझ्याकडून."

"मग मला तो कॉम्प्रेसर रचनेत का घालू दिलात?"

"मी विचारलं होतं तुला, पोरी. त्याच्याशिवाय जमेल का म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही, त्याचाच मला जास्त संताप आला. "किनफारोला येणारी वीज त्याला पुरत नाही. नवी तार ओढायला वीज कंपनी आठ-दहा वर्षं लावील. तुझी रचना इतकी चांगली आहे की ती इथे मावत नाही."

"स्पष्ट सांगायचं होतंत!"

"हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

भांडायला गेले होते आणि समोरच्याने सगळं कबूलच केलं. दार मात्र आपटून आले.

अकरा अंश. जहाज. दुप्पट उत्पादन. मी त्यांना आमच्या नदीच्या नोंदी पाठवत बसले होते!

३१ मे

दुकानात पाव घ्यायला गेले तर बोलणं थांबतं. बोलिंग क्लबात सभा झाली, मला कुणी सांगितलं नाही. ग्रीरने सांगितलं नंतर. "कुणी वाईट बोललं नाही गं तुझ्याबद्दल," म्हणाली, म्हणजे बोलले असणार.

फिनले बोलत नाही. मॉयरा फोन घेते आणि सांगते की तो बागेत आहे. बाहेर मुसळधार पाऊस.

एकच काम मला येतं, तेच करतेय. कॉम्प्रेसर काढून टाकलाय. आता दोन कॉलम वेगवेगळ्या दाबांवर ठेवायचे, म्हणजे एकाची वाफ दुसऱ्याचा तळ उकळील. जास्तीची वीज जवळजवळ लागतच नाही. उरलेलं गरम पाणी शाळेला आणि पोहण्याच्या तलावाच्या इमारतीला देता येईल. मॉडेल पुन्हा पुन्हा कोसळतं, कारण एका कॉलममध्ये काही हललं की दुसरा बिथरतो, आणि दुसरा बिथरला की पहिला. आज सोळा वेळा चालवलं. दोनदा टिकलं.

१७ जून

एडिनबरो. या वेळी संचालक नव्हते, नुसती वेरिटी आणि वित्त विभागाचे एक गृहस्थ. माझी नवी रचना चाळीस टक्के वाफ वाचवते. मागितलं होतं त्यापेक्षाही जास्त! ते मी तीनदा सांगितलं.

वेरिटीने शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाली, "इशबेल, हे ऑक्टोबरमध्ये आलं असतं तर. आता तू स्वतःच आम्हाला साठ टक्के दाखवलेस."

"ते तिथले साठ आहेत! इथे माणसं आहेत."

"माझ्या तक्त्यात तो रकाना नाही गं." आणि तिला खरोखर वाईट वाटत होतं, हे लिहिलंच पाहिजे. तिच्यावर धड रागावताही येत नाही.

निघताना तिने पाकीट दिलं. ड्रमकार्नची मुख्य अभियंता म्हणून मी. तीन आठवड्यांत कळवायचं. ट्रेनमध्ये ते फाडायला घेतलं, पण फाडलं नाही. मला ती डिस्टिलरी उभी राहिलेली बघायचीय. हे मी इथे लिहितेय आणि दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

४ जुलै

मी हो म्हणाले.

पाकिटातल्या त्याच पत्रात होतं की कॉलमवरच्या चार जागांसाठी ज्यांना यायचंय त्यांना मी शिकवायचं. माझं मॉडेल सरावाच्या पडद्यावर चढवायचं, खऱ्यासारखंच चालेल असं, आणि शेवटी परीक्षा घेऊन क्रम लावायचा. एका कंपनीने यादीत कोण वर राहील हे ठरवायला इतक्या माणसांतून मलाच निवडावं, याला काय म्हणावं?

नऊ जणांनी नावं दिली. पाचवं नाव फिनले पेट्री.

१० जुलै

पहिला दिवस. फिनले शेवटच्या खुर्चीत बसला. आठ आठवड्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य: "हे चालू कुठून होतं?"

मॉयराची बहीण ड्रमकार्नपासून दोन मैलांवर राहते. मॉयरा तर पडदेसुद्धा निवडून बसलीय. मला हे ग्रीरकडून कळलं.

पडद्यावर मी थंड वॉश आत सोडला. तळाचं तापमान जरा उतरलं. फिनलेने लगेच वाफ वाढवली. ग्रीरनेही.

"थांबा ना जरा. कॉलम स्वतः सावरतो. दोन मिनिटं द्या त्याला."

"दोन मिनिटांत बर्नी स्कोबी होतो," फिनले म्हणाला. पण हसला. मी एवढी खूश झाले की पुढचा प्रश्न चुकीचा चालू केला.

२५ जुलै

शिकवणं माझ्याने होत नाही. मी ओरडते. आज फिनलेला म्हटलं, "कितीदा सांगायचं, वाफेला हात लावू नकोस!" तो म्हणाला, "मला कळतं गं, इश. हाताला कळत नाही." आणि हात मांडीखाली घालून बसला, शाळेतल्या मुलासारखा. पुढचा अख्खा प्रश्न तसाच बसून बघत राहिला. कॉलम उतरला, थबकला, सावरला. तळ स्वच्छ.

"अरेच्चा," तो म्हणाला.

त्यानंतर ग्रीरशेजारी जाऊन बसला. ती वाफेकडे हात नेते तेव्हा तो तिला गोष्टी सांगतो. त्यांच्या कुत्र्याने धर्मगुरूंचा मोजा कसा पळवला, वगैरे. कॉलम सावरेपर्यंत गोष्ट संपत नाही. वर्गात हसणं चालतं. मी दोनदा दटावलं. सराव म्हणजे काही बोलिंग क्लब नाही.

२१ ऑगस्ट

परीक्षा झाली. सगळ्यांना तेच प्रश्न, गुण मॉडेलनेच दिले, म्हणजे माझा हात कुठे लागायला नको. संध्याकाळी निकाल बघितला आणि थेट फिनलेकडे गेले, नियमात बसत नसताना. मॉयराने चहा टाकला.

"चौथा," मी म्हटलं. "फिनले, तू चौथा आलास! जागा मिळाली."

मॉयराने त्याच्या डोक्यावर टॉवेल मारला आणि मग तोच डोळ्यांना लावला. फिनले पुढे वाकला.

"खरंच? वाफ किती लागली मला?"

"मॉडेलपेक्षा दीड टक्का जास्त. बाराचे दीड केलेस तू."

"दीड," तो म्हणाला. मग चहात साखर ढवळत बसला. "पाचवा कोण गं?"

"ग्रीर. अगदी थोडक्यात गेली. शेवटच्या प्रश्नात घाबरली आणि वाफ सोडली. दुसरं बाळ येतंय, आणि तिचा नवराही गोदामातून जाणार आता, डिसेंबरात. पण मी काय करू? गुण मॉडेलचे आहेत."

"बरोबर आहे. तू काय करणार." त्याने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. आम्ही लहानपणीचं काहीबाही बोलत बसलो. मे महिन्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. येताना ठरवलं, ड्रमकार्नला घर घेईन ते त्यांच्या जवळच घेईन, चालत जाता येईल असं.

२४ ऑगस्ट

फिनलेने नाव काढून घेतलं.

मला न सांगता. सकाळी डॅलग्लिशकडे चार ओळी देऊन आला. मी कॉलमखाली गाठलं त्याला, तिथल्या आवाजात ओरडून विचारलं.

"का?"

"मॉयराला समुद्राची हवा मानवत नाही."

"आपण समुद्रापासून मैलभर राहतो, फिनले! जन्मापासून!"

"हा पूर्वेचा समुद्र. पश्चिमेचा ओला असतो."

"तुला चेष्टा सुचते? मी किती... तुला बाराचे दीड करायला सहा आठवडे घातलेत मी!"

"ते चांगलंच झालं. मला बघायचं होतं, जमतं का ते." हातमोजे काढून खिशात घातले त्याने. "छप्पन्नचा आहे मी, इश. जुन्या माणसांना गोदामात दोन वर्षं ठेवतील म्हणतायत. मग बाग आहे."

मॉयराला फोन केला. ती म्हणाली, "त्याने विचारलं मला. मी हो म्हटलं." आणि रडल्यासारखा आवाज आला तिचा. मग पडदे कशाला निवडले होते? काही कळत नाही या घरातलं.

तिथे मी असणार, रोज समोर, त्याची साहेब म्हणून. ते त्याला नको असणार. दुसरं काय कारण असेल?

२६ सप्टेंबर

आज शेवटचा वॉश आत गेला. फिनलेची पाळी होती. त्याने खरे कॉलम आज तसे चालवले जसं मी शिकवलं होतं. मी मागे उभी राहून मॉडेलचा आकडा बघत होते. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जानेवारीत यासाठी जीव टाकला होता मी. आज त्याचा काय उपयोग? कुणाला दाखवू?

दुपारी वाफ बंद केली. वरून खाली एकेक ताटली निथळत गेली, तो आवाज आधी कधी इतका नीट ऐकला नव्हता, कारण एरवी इतर आवाज असतात. डॅलग्लिश टोपी हातात घेऊन उभे होते. मग सगळे पांगले.

३० सप्टेंबर

उद्या सकाळी निघते. ग्रीरच्या घरचं थोडं सामान काल पुढे गेलं. चौथी जागा अर्थातच तिला मिळाली, बाळंतपण झालं की फेब्रुवारीत, कॉलमची उभारणी चालू असतानाच, रुजू होईल. संध्याकाळी निरोप घ्यायला फिनलेकडे गेले तर ती तिथे आधीच होती. दारातच उभी, फिनलेचा हात दोन्ही हातांनी धरून, आणि रडत होती. पोट एवढं मोठं, म्हटलं हिला काही होतंय की काय. मला बघितल्यावर डोळे पुसून निघून गेली. अलीकडे तिला कशानेही रडू येतं.

मॉयराने खिम्याची पेस्ट्री गरम करून दिली. फिनले माझ्या गाडीच्या चाकांतली हवा बघत राहिला. मी गाडीत बसूनही मुद्दाम रेंगाळले. वाटलं, आता म्हणेल, इश, तुझा दोष नव्हता. किंवा निदान, सांभाळून जा. शेवटी काचेवर टकटक केलं त्याने. मी काच खाली केली.

"तिथे गेल्यावर त्या पोरीकडे लक्ष दे," तो म्हणाला. "तळ उतरला की घाबरते. ओरडू नकोस तिच्यावर. काहीतरी गोष्ट सांगत राहा."

"बरं."

"नीट सांग. दोन मिनिटं पुरेल अशी."

झालं. हात वर केला आणि आत गेला. माझ्याबद्दल एक शब्द नाही. त्याने मला अजून माफ केलेलं नाही, एवढंच यातून कळतं.